वारसा राहिला, निरोप हरवला

गेल्या वर्षीं आमच्या एका रचनेवर एका परीक्षकांनीं तांबड्या अक्षरांत शेरा मारला : "यांत वारसा नाहीं, सबब ही रचना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड नाहीं." कोणाची नोकरी न करितां, येईल त्या गिऱ्हाइकाचें काम पत्करून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणें हा आमचा वीस वर्षांचा व्यवसाय. असे शेरे गिळून पुढें जाणें हा त्या व्यवसायाचाच एक भाग आहे. हा शेरा मात्र आम्हांस गिळवेना. तो एका माणसाचा लहरीपणा असता तर गोष्ट निराळी. एका सबंध विद्येला जडलेल्या रोगाचें तें लक्षण होतें. आज मराठी सुशिक्षित कुटुंबांत ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी या धंद्यांत नाहीं असें घर विरळा. त्या मुलांच्या पगाराची, परदेशगमनाची आणि फ्लॅटच्या हप्त्यांची चर्चा घरोघर चालते. तीं दिवसभर करितात काय, आणि तें बरें करितात कीं वाईट, याची चर्चा कोठेंच होत नाहीं. ज्या विद्येवर एवढ्या घरांच्या चुली पेटतात, तिच्या गुणदोषांचा विचार वाचकांपुढें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे. 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' यास कोणी 'वस्तुनिष्ठ' म्हणतात. परंतु तो शब्द मराठींत आधींच दुसऱ्या अर्थाला दिलेला असल्यामुळें आम्ही 'वस्तुप्रधान रचना' म्हणूं. कल्पना सोपी आहे. बँकेंत पैसे काढावयास गेलों असतां आपण गल्ल्यांत हात घालीत नाहीं. खिडकीशीं चिठ्ठी देतों. आंतील कारकून खातें पाहतो, शिल्लक तपासतो, आणि पैसे देतो किंवा नकार देतो. त्यानें वही कोणत्या कपाटांत ठेविली आहे हें आपणांस ठाऊक नसतें, आणि ठाऊक असण्याचें कारणहि नसतें. उद्यां वही जाऊन यंत्र आलें तरी आपली चिठ्ठी तीच राहते. प्रोग्रॅमच्या पोटांत असे अनेक स्वतंत्र कारकून आहेत अशी कल्पना करावी. ज्याची माहिती त्याच्या ताब्यांत, आणि एकमेकांशीं व्यवहार केवळ चिठ्ठीनें, म्हणजे निरोपानें. अशा कारकुनास ऑब्जेक्ट म्हणतात. एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टांचा जो नमुना लिहून ठेवितात तो क्लास, म्हणजे वर्ग. आणि एका वर्गाचे गुण दुसऱ्या वर्गास आयते मिळावे अशी जी सोय असते, तिला वारसा म्हणतात. निरोप आणि वारसा हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. आमचा सारा तंटा या दोहोंचा आहे.

या रचनेचा जन्म नॉर्वेंतला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्यें ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड या दोघांनीं 'सिम्युला' नांवाची भाषा तयार केली. वर्गांसह तिचें पूर्ण रूप १९६७ सालीं पुढें आलें. रांगा, वाहतूक, कारखाने अशा खऱ्या जगांतील व्यवहारांची नक्कल यंत्रावर चालवून पाहावी, हा तिचा उद्देश. वर्ग आणि वारसा या दोन्ही कल्पना सिम्युलाच्याच; त्या कोणी मागाहून घुसडल्या नाहींत, हें आम्ही प्रथमच कबूल करितों. परंतु त्याच नीगार्डनीं १९७० नंतर नॉर्वेच्या लोखंड व धातु कामगारांच्या संघटनेबरोबर काम केलें, आणि ज्यांस या यंत्रांबरोबर राबावयाचें आहे त्यांस यंत्रांच्या घडणींत बोलण्याचा हक्क असला पाहिजे असा आग्रह धरिला, ही गोष्ट आम्हीं ज्या पाठ्यपुस्तकांवर शिकलों त्यांत कोठेंच नव्हती. वर्ग आमच्यापर्यंत पोंचला. तो निर्माण करणाराचें मन ऑस्लोसच राहिलें.

१९७० च्या दशकांत अमेरिकेंत पालो आल्टो येथें, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत, अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग इत्यादि मंडळींनीं 'स्मॉलटॉक' ही भाषा घडविली. 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' हें नांव के यांचें. के हे जीवशास्त्र शिकलेले. शरीरांतील पेशी जशा आपापल्या पडद्याआड स्वतंत्र राहून परस्परांस संदेश पाठवितात, तसे प्रोग्रॅमचे भाग असावे ही त्यांची दृष्टि. १९९८ सालीं त्यांनीं लिहून ठेविलें कीं, 'ऑब्जेक्ट' हें नांव आपण दिलें याचा आपणांस खेद होतो, कारण त्यामुळें लोकांचें लक्ष गौण गोष्टीकडे गेलें. खरी मोठी कल्पना निरोपाची होती. नांव देणारानेंच नांवाबद्दल हळहळ व्यक्त करावी, असा प्रसंग शास्त्रांच्या इतिहासांत क्वचितच घडला असेल. त्याआधीं, १९७२ मध्यें, डेव्हिड पार्नास यांनीं निराळ्या वाटेनें हेंच सांगितलें होतें : जो निर्णय उद्यां पालटण्याचा संभव आहे तो एका कप्प्यांत झांकून ठेवावा, म्हणजे तो पालटला असतां इतरांस धक्का बसत नाहीं. थोडक्यांत, दुसऱ्याच्या घरांत न शिरतां त्यास विचारावें. सारी विद्या या एका वाक्यांत येते.

मग झालें काय? ब्यार्ने स्ट्रौस्ट्रुप यांनीं १९७९ पासून बेल लॅबोरेटरींत घडविलेली 'सी प्लस प्लस' १९८५ मध्यें बाजारांत आली. १९९५ मध्यें सन कंपनीची 'जावा' आली. आणि वस्तुप्रधान रचना संशोधकांच्या खोलींतून निघून कारखान्यांत व कॉलेजांत शिरली. या भाषांचा आम्हांस राग नाहीं. त्यांवर आम्हीं अन्न मिळविलें आहे. परंतु कॉलेजांत शिकवावयाचें म्हणजे फळ्यावर काढून दाखवितां आलें पाहिजे. निरोप फळ्यावर काढतां येत नाहीं. वारशाचें झाड काढतां येतें. वर 'प्राणी', त्याखालीं 'कुत्रा' आणि 'मांजर'. कुत्रा भुंकतो, मांजर म्यांव करितें. परीक्षेंत दहा गुण. पक्षी उडतो असें वर लिहून ठेविल्यावर शहामृगाचें काय करावें, हा प्रश्न विद्यार्थ्यानें विचारिला तर तास संपलेला असतो. बार्बरा लिस्कोव्ह यांनीं १९८७ च्या एका व्याख्यानांत बजावून सांगितलें कीं, वडिलांनीं दिलेलें वचन जो मुलगा पाळूं शकत नाहीं त्यास वारस करूं नये. नियम पाठ झाला. त्याचें नांव मुलाखतींत विचारलें जाऊं लागलें. आणि शहामृग उडतच राहिलें.

१९९४ मध्यें गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसाइड्स या चौघांचें 'डिझाइन पॅटर्न्स' हें पुस्तक निघालें. अनुभवी कारागीर वारंवार ज्या तोडी काढतात त्यांतील २३ त्यांनीं नांवें देऊन नोंदविल्या. पुस्तक चांगलें आहे. वारशापेक्षां लहान वस्तु एकत्र जोडून काम साधावें असें तें आरंभींच सांगतें. परंतु आमच्या मंडळींनीं उपदेश सोडला आणि २३ नांवें घेतलीं. स्तोत्रासारखीं तीं म्हणतां आलीं कीं उमेदवार पास. ज्यांच्यापासून ही कल्पना उसनी घेतली ते वास्तुशिल्पी क्रिस्टोफर अलेक्झांडर १९९६ मध्यें प्रोग्रॅमकारांच्या परिषदेंत बोलावयास आले; आपल्या या नमुन्यांनीं प्रोग्रॅम खरोखर अधिक चांगले झाले काय, माणसाच्या जीवनाला त्यांनीं कांहीं दिलें काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनीं सभेपुढें ठेविला. त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या व्यवसायानें अद्यापि दिलेलें नाहीं.

आतां स्वतःचें पाप सांगतों, नाहींतर हा सारा परोपदेश ठरेल. बारा वर्षांपूर्वीं एका दूध संकलन करणाऱ्या संस्थेचें काम आम्हीं घेतलें. शेतकरी सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालणार. त्याचें माप, फॅट व एसएनएफ नोंदवून दर काढावयाचा आणि दहा-दहा दिवसांचा पगार करावयाचा. आम्ही ताजे पोथीपंडित. फळ्यावर सुंदर झाड काढलें. शेंड्याला 'दूध', त्याखालीं 'गाईचें' आणि 'म्हशीचें', प्रत्येकाखालीं 'सकाळचें' आणि 'संध्याकाळचें', त्याखालीं पुन्हा 'सभासदाचें' आणि 'बिगरसभासदाचें'. एकूण १५ वर्ग. वास्तविक सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाच्या दरांत फरक नव्हता. पण झाड दोन्हींकडे सारखें फुललें म्हणजे शोभतें. संस्थेच्या मुख्य कचेरींत तें झाड पाहून सर्वांनीं माना डोलावल्या.

पहिल्याच आठवड्यांत एका केंद्रावर एक शेतकरी किटली घेऊन आला. घरीं एक गाय, एक म्हैस. दोन्हींचें दूध एकाच किटलींत. आमच्या झाडावर या दुधाला फांदी नव्हती. यंत्र विचारी, 'गाय कीं म्हैस?' तिसरें उत्तर त्यास ठाऊक नव्हतें. केंद्रावरचे सचिव काय करणार? त्यांनीं 'गाय' नोंदविली. गाईच्या दरपत्रकाला फॅटची एक वरची मर्यादा होती. तिच्या वरच्या फॅटला पैसा नव्हता. असे तीन पगार गेले. त्या केंद्रावरील कित्येक घरांस हक्काच्या पैशांपेक्षां कमी पैसे मिळाले, आणि त्यांपैकीं कोणासहि हें कळलें नाहीं, कारण आंकडा यंत्रानें काढलेला होता. फरक पुढें संस्थेनें भरून दिला. परंतु ज्या घरीं त्या पगारावर वाण्याची उधारी फिटावयाची होती, तेथें तो महिना परत देतां आला नाहीं.

आम्ही केंद्रावर गेलों तेव्हां सचिव शांतपणें म्हणाले, "साहेब, मिसळ दूध तर पहिल्यापासनं येतंय. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

हें वाक्य आम्ही बारा वर्षें वागवीत आहों. परस्परांस विचारणें हाच ज्या रचनेचा प्राण, ती रचना आम्हीं कोणासहि न विचारितां केली होती. आणि चूक कळल्यावरहि शहाणपण आलें नाहीं. आम्हीं 'मिश्र दूध' असा सोळावा वर्ग करून तो गाईच्या वर्गाचा वारस ठरविला. त्याबरोबर गाईच्या दुधाला लागू असलेली एक कपात मिश्र दुधालाहि आपोआप चिकटली. तिला काढण्यासाठीं आणखी वर्ग. दहा वर्षांत १५ चे ४१ झाले. नाकापेक्षां मोतीं जड झालें. शेवटीं गेल्या वर्षीं आम्हीं सबंध झाड तोडलें. त्याच्या जागीं 'दरपत्रक' नांवाचा एकच ऑब्जेक्ट ठेविला. त्यास दुधाचा प्रकार, फॅट आणि एसएनएफ सांगावें. तो दर सांगतो. दर कसा काढतो हें त्याचें त्यास ठाऊक. गाय, म्हैस, मिश्र या गोष्टी वर्ग उरल्या नाहींत. त्या तक्त्यांतील ओळी झाल्या, आणि नवी ओळ घालण्यास आतां आमचीहि गरज नाहीं, सचिवांनीं मागणी केली कीं कचेरींतून ती घालतां येते. हीच ती रचना, जिच्यावर तो तांबडा शेरा आला.

वाचक विचारतील, मग तुम्हीं त्या परीक्षकांस उत्तर काय दिलें? लाज वाटते, पण सांगतों. उत्तर दिलें नाहीं. शेरा निघाल्यावांचून बिल निघणार नव्हतें. अर्ध्या तासांत आम्हीं एक रिकामा वर्ग लिहून दरपत्रकाच्या डोक्यावर बसविला. शेरा निघाला, बिल निघालें. तो वर्ग आजहि तेथें आहे आणि कांहींएक करीत नाहीं.

या ठिकाणीं प्रश्न आमच्या भित्रेपणाचा आहे, तितकाच आमच्या समाजाचा आहे. आम्ही प्रोग्रॅमकार आपणांस 'कम्युनिटी' म्हणवितों. त्या समाजाचे गुण मोठे आहेत. न पाहिलेल्या परक्या माणसांनीं फुकट शिकविलेल्या गोष्टींवर आम्ही मोठे झालों. दुसरा कोणता धंदा आपलीं गुपितें इतक्या मोकळ्या हातानें वाटतो? परंतु ज्ञान वाटणारा हा समाज चुका मात्र वाटीत नाहीं. परिषदेंत जो तो आपलें यश सांगतो. तोडलेल्या झाडाची कथा सांगणारास व्यासपीठ नाहीं. नवशिक्यानें साधा प्रश्न केला तर त्यास हंसतात. म्हणून तो प्रश्न करणेंच सोडतो आणि नांवें पाठ करितो. २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत स्नोबर्ड येथें सतरा जण जमून त्यांनीं जाहीर केलें कीं, पद्धति व हत्यारें यांपेक्षां माणसें आणि त्यांचा परस्परसंवाद यांचें मोल अधिक. आज त्याच जाहीरनाम्याच्या नांवानें प्रमाणपत्रें विकलीं जातात. अलीकडे एक नवा पंथ निघाला आहे. तो म्हणतो, ऑब्जेक्ट हेंच पाप, सर्व कांहीं फंक्शनांत लिहा. आम्ही त्यांचेहि ग्रंथ वाचले आणि त्यांतून पुष्कळ शिकलों. परंतु त्यांच्याहि सभेंत दूध कोण घालतो हें कोणी विचारीत नाहीं. घटपटाची खटपट तीच. घट गेला, पट आला.

पूर्वपक्ष काय म्हणेल तें आम्हांस ठाऊक आहे. पहिला आक्षेप : शेंकडों माणसें एका प्रोग्रॅमवर काम करितात, त्यांस समान नियम आणि समान परिभाषा नको काय? हवी. परिभाषा बोलण्यासाठीं असते. ती जेव्हां बोलणें बंद करण्यासाठीं वापरली जाते तेव्हां ती परिभाषा राहत नाहीं, सोंवळें होतें. आमच्या परीक्षकांस 'हा दर बरोबर निघतो काय?' असें विचारितां आलें असतें. त्यांनीं 'वारसा कोठें आहे?' असें विचारिलें. दुसरा आक्षेप : हा एकट्यानें काम करणाराचा रडगाणेपणा आहे, त्यास संघांत राहण्याची शिस्त काय ठाऊक? खरी गोष्ट उलट आहे. मेल्विन कॉन्वे यांनीं १९६८ मध्येंच दाखवून दिलें कीं, संस्थेंत ज्या रीतीनें माणसें एकमेकांशीं बोलतात त्याच आकाराची रचना त्यांच्या हातून घडते. ज्या संस्थेंत कचेरी केंद्राला विचारीत नाहीं, तिच्या प्रोग्रॅमांत वर्ग वर्गाला विचारीत नाहीं. वरून खालीं वारसा तेवढा वाहतो. आम्ही अनेक दारांनीं आंत-बाहेर करितों, म्हणून हें आम्हांस दिसतें. एकाच घरांत जन्म काढणारास तें दिसणें कठीण.

तिसरा आक्षेप आजचा आहे : आतां प्रोग्रॅम यंत्रच लिहितें, मग रचनेची ही चिंता कशास? आम्हीं तेंहि करून पाहिलें. आमची जुनी मागणी, जशी बारा वर्षांपूर्वीं संस्थेनें लिहून दिली होती तशीच, यंत्रापुढें ठेविली. त्यानें कांहीं क्षणांत झाड काढून दिलें. शेंड्याला 'दूध', खालीं 'गाय' आणि 'म्हैस'. आमच्यापेक्षां नीटस, आणि आमच्याइतकेंच चूक. दोष यंत्राचा नाहीं. मागणींत मिश्र दूध नव्हतें, आणि तें केंद्रावर जाऊन आलेलें नव्हतें. लिहिणें जितकें स्वस्त होईल तितकें विचारणें मोलाचें होईल, एवढाच याचा अर्थ.

उपाय मोठे नाहींत. मुलाखतींत नांवें विचारण्याऐवजीं उमेदवारापुढें एक नादुरुस्त प्रोग्रॅम ठेवावा आणि तो कोणते प्रश्न विचारतो तें पाहावें. परिषदांत दर यशोगाथेमागें एक फसलेली रचना, ती करणाराच्या तोंडून, ऐकण्याचा प्रघात पाडावा. वैद्य आपल्या फसलेल्या रोग्यांची चर्चा करितात, त्यांस कोणी हंसत नाहीं. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९८९ मध्यें एक साधी युक्ति सांगितली होती : प्रत्येक ऑब्जेक्टासाठीं कागदाचें एक कार्ड घ्यावें, त्यावर त्याचें काम आणि त्याचे सोबती लिहावे, आणि टेबलाभोंवतीं बसून तीं कार्डें हातांनीं हलवून पाहावीं. त्या टेबलाशीं केंद्रावरच्या सचिवांसहि बसवावें, आणि बोलणें मराठींत करावें. जी रचना त्यांस त्यांच्या भाषेंत सांगतां येत नाहीं ती अद्यापि आम्हांसच समजलेली नाहीं, असें मानावें. आणि आमच्यासारखे जे एकएकटे काम करितात, त्यांनीं महिन्यांतून एकदां तरी एकत्र बसून एकमेकांचें काम वाचावें. म्हणजे तांबडा शेरा आला असतां 'हें बरोबर आहे' असें म्हणणारीं चार माणसें पाठीशीं राहतील, आणि रिकामा वर्ग लिहिण्याची पाळी येणार नाहीं.

ज्या घरांतील मुलें या धंद्यांत आहेत तेथील वडील मंडळींसहि एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी रात्रीं घरीं आली म्हणजे 'काम किती झालें' असें न विचारितां 'आज कोणास काय विचारलेंस' असें एकदां विचारून पाहावें. उत्तर न आलें तर पगार कितीहि असो, काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

हा लेख छापून आला म्हणजे त्याची एक प्रत आम्ही त्या परीक्षकांस पाठविणार आहों. दुसरी प्रत दूध संस्थेस, आणि तिच्यासोबत एक अर्ज : दरपत्रकाच्या डोक्यावर जो रिकामा वर्ग आहे तो आमच्या खर्चानें काढून टाकण्याची परवानगी मिळावी. त्यास लागणारा वेळ अर्धा तासच आहे.